जोडणीतला आवाज

रेकॉर्डिंगला बसण्याआधी घर एकेक करून बंद करावं लागतं. आधी खिडक्या, मग स्वयंपाकघरातला फ्रीज, शेवटी पंखा. सांगलीच्या एप्रिलमध्ये पंख्याची पाती थांबेथांबेपर्यंत मानेवर घाम आलेला असतो. पण त्या थोड्या वेळात खोली जशी ऐकू येते तशी एरवी कधीच येत नाही. पंखा थांबला की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. घड्याळाचा सेल काढला की लांबच्या रस्त्यावरचा ट्रक. तोही गेला की सगळ्यांच्या तळाशी बसलेला एक आवाज वर येतो. स्पीकरच्या जाळीतून येणारा, एकसुरी, न दमणारा. त्याला आम्ही ‘हम’ म्हणतो. घरातल्या एखाद्या खोलीत की-बोर्ड, माईक, लॅपटॉप आणि दोन स्पीकर मांडून बसलेल्या प्रत्येकाची त्याच्याशी ओळख असते. कोणी त्याच्यावर चिडतो, कोणी त्याला झाकायला गाण्याचा आवाज वाढवतो. मला तो आधी नीट ऐकावासा वाटतो, कारण तो कुठून आला हे बहुतेक वेळा तोच सांगत असतो.

हमला स्वतःची पट्टी आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून हमचा मूळ सूरही ५० हर्ट्झचा. पेटीच्या हिशेबाने तो खोल खर्जातल्या पांढरी पाचच्या शेजारी, तिच्याहून किंचित चढा. त्या सप्तकातली पांढरी पाच ४९ हर्ट्झला असते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथल्या घरांतला हम काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी गुणगुणत असतो. शिवाय हा सूर एकटा नसतो. ५० च्या वर १०० असतो, त्याच्यावर १५०, मग २००, २५०. १०० ला षड्ज धरलं तर १५० हा त्याचा पंचम. २०० हा वरचा षड्ज, आणि २५० हा त्याचा शुद्ध गंधार, अगदी काट्यावरचा. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो तोही ह्याच हिशेबाने उमटतो, मूळ कंपनाच्या पाचपटीने.

इथून मिरज जवळच आहे. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत एखादा कारागीर घोडीवर जवारी काढत बसलेला दिसतो. तंबोऱ्याची तार आणि घोडी यांच्या मधे सुताचा दोरा सरकवायचा, छेडायचं, कान द्यायचा, पुन्हा केसभर सरकवायचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या कामाचं खरं मोजमाप अजूनही त्या कानातच आहे. दोरा एका विशिष्ट जागी आला की सगळी तार उजळते आणि तिच्यातून स्वरांची मालिका बाहेर पडते. तंबोऱ्याचं ते गुंजन आपल्याला गाण्यासाठी आसन घालून देतं, आणि जवळपास त्याच स्वरमालिकेचा हम आपल्याला नकोसा होतो. ह्याचं कारण मला वाटतं ते असं, की तंबोरा कोणीतरी गायकाच्या पट्टीत लावलेला असतो. हमला कोणी लावलेलं नसतं. गाणारा काळी एकमध्ये असो की काळी चारमध्ये, तो आपल्या ५० वर ठाम.

त्याचा उगम शोधायला लागलं की आधी बुचकळ्यात पडायला होतं. स्पीकर एकटे सुरू केले, शांत. सिंथेसायझर, म्हणजे सिंथ, एकटा हेडफोनवर ऐकला, शांत. लॅपटॉप बॅटरीवर चालवला, शांत. तिघांना केबलने जोडलं आणि लॅपटॉपचा चार्जर भिंतीत खोचला, की हम हजर. प्रत्येक यंत्राला जमिनीकडे जाणारी स्वतःची वाट असते, प्लगच्या तिसऱ्या जाड पिनेतून. दोन यंत्रं ऑडिओ केबलने जोडली की केबलच्या जाळीतून त्यांच्यात आणखी एक वाट उघडते. दोन वाटांचा मिळून वेढा पूर्ण होतो, आसपासच्या विजेच्या तारांचं चुंबकीय क्षेत्र त्या वेढ्यात बारीकसा प्रवाह फिरवतं, आणि तो आपल्या गाण्यात मिसळतो. ह्यात बिघडलेलं यंत्र एकही नाही. दुकानात नेलं तर दुकानदार ते लावून दाखवतो आणि म्हणतो, “साहेब, ह्यात काहीच फॉल्ट नाही.” तो खरंच सांगत असतो. त्याच्याकडे ते यंत्र एकटं असतं.

ह्या एका गोष्टीने मला बराच काळ गुंतवून ठेवलं आहे. यंत्र बिघडलं म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी तुटलं, अशी आपली समजूत असते. तसंही होतं कधीकधी. हमऐवजी तिखट भुणभुण येत असेल, १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या पटींत बसलेली, तर यंत्राच्या पॉवर सप्लायमधला एखादा जुना कपॅसिटर थकलेला असू शकतो. पण घरच्या स्टुडिओत बहुतेक संध्याकाळी जे अडतं ते कुणाच्याच पोटात नसतं. ते दोन धडधाकट गोष्टींच्या मधे असतं.

म्हणून त्याचा शोधही घाईने लागत नाही. एकेक जोड सोडवत जावं लागतं. चार्जर काढला, ऐकलं. सिंथची केबल काढली, ऐकलं. स्पीकर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटमधून काढून सगळ्यांसोबत एकाच बोर्डवर आणले, ऐकलं. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर ऐकणं. हम घालवायचा एक झटपट उपाय सर्रास सांगितला जातो, तो मात्र कोणी करू नये. प्लगची तिसरी पिन मोडायची किंवा दोन पिनांचा अ‍ॅडाप्टर लावायचा. हम खरंच जातो, पण त्याच पिनेतून मिळणारं संरक्षणही जातं, आणि गाणाऱ्याचे ओठ माईकच्या धातूच्या जाळीपासून बोटभर अंतरावर असतात. वेढा तोडायचाच असेल तर तो ऑडिओच्या वाटेवर तोडावा, छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून. किंवा बॅलन्स्ड केबल वापरावी. त्या केबलची युक्ती मला फार आवडते. एकच आवाज दोन तारांतून जातो, एकीतून सुलटा, दुसरीतून उलटा. वाटेत जो हम चिकटतो तो दोन्ही तारांना सारखाच चिकटतो. पलीकडे पोचल्यावर उलटी तार पुन्हा सुलटी करून दोन्ही एकत्र मिळवतात. तेव्हा गाणं गाण्याला मिळतं, आणि हम समोर आलेल्या स्वतःच्याच उलट्या रूपाने पुसला जातो.

इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मिडी नावाची एक भाषा आहे. ती बनवणाऱ्यांनी हा वेढा आधीच ओळखला होता. सिंथच्या मागच्या बाजूला पाच भोकांचं गोल सॉकेट असतं, त्याच्या आतल्या बाजूला ऑप्टोकपलर नावाचा एक इवलासा भाग बसवलेला असतो. येणारा प्रवाह त्याच्यातला एक दिवा पेटवतो, समोरचं प्रकाशाला जागं होणारं अंग तो दिवा पाहतं आणि संदेश पुढे देतं. पुरात नदीच्या दोन काठांवर उभ्या असलेल्या माणसांनी कंदील हलवून बोलावं, तसं. दोन यंत्रांत तांब्याचा सलग दुवाच उरत नाही. केबलची जाळीसुद्धा पाठवणाऱ्याच्याच बाजूला जमिनीला जोडायची, घेणाऱ्याच्या बाजूला नाही, असं त्या नियमावलीत लिहिलेलं आहे. पुढे यूएसबी आली. सोय झाली, एका केबलीत सगळं भागायला लागलं, आणि तोडलेली वाट पुन्हा जोडली गेली. आज कित्येक खोल्यांमध्ये हम येतो तो ह्याच बारक्या केबलीतून.

१९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन वाद्यं एकमेकांशेजारी ठेवली गेली. एक सिक्वेन्शियल सर्किट्स या अमेरिकी कंपनीचं प्रॉफेट-६००, दुसरं जपानच्या रोलँडचं ज्युपिटर-६. दोन्ही कंपन्या एकाच बाजारात परस्परांशी झगडणाऱ्या. मधे एक केबल लावली, एकाच्या पट्ट्या दाबल्या आणि दुसरं वाजलं. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी ह्या दोघांनी मिडीच्या ह्या भाषेसाठी पुढाकार घेतला होता आणि ती कुणालाही शुल्काशिवाय वापरू दिली. २०१३ साली दोघांना तांत्रिक कामगिरीचं ग्रॅमी मिळालं. ह्या साऱ्या हकिगतीत मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट अशी, की सर्वोत्तम सिंथ कुणाचा हा वाद बाजूला ठेवून त्यांनी दोन सिंथांमधल्या जागेचा विचार केला.

त्या प्रदर्शनाच्या आदल्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग यांनी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला होता. चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवलेला हा माणूस. रोलँडचीच तीन यंत्रं घेऊन, मिडी अस्तित्वात नसताना, त्यांनी राग आणि यंत्राचा ठेका एकत्र बांधले. त्या यंत्रांमधल्या दोघांना, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ला, मागे तसंच पाच भोकांचं गोल सॉकेट असतं. दिसायला हुबेहूब मिडीचं, पण त्यातून फक्त लयीचे ठोके जातात. कुणी आज अशा जुन्या यंत्राला मिडीची केबल जोडली तर ती अगदी नीट बसते आणि काहीच घडत नाही. केबल चांगली, यंत्रं चांगली, खाच जुळलेली, भाषा तेवढी वेगळी.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, हे नव्याने शिकणाऱ्याला समजायला वेळ लागतो. तारेतून जातात ते आकडे. पट्टी दाबली की तीन आकडे निघतात. पहिल्यात ‘सूर सुरू’ हा हुकूम आणि १६ पैकी कोणत्या चॅनेलवर ते, दुसऱ्यात कोणता सूर, तिसऱ्यात किती जोराने. मधल्या सप्तकाच्या पांढरी एकचा आकडा ६०. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने हे तीन आकडे जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. तार तोंडाला लावा, कानाला लावा, तिच्यात काहीही ऐकू येत नाही. म्हणून मिडीचे घोटाळे हमसारखे आपला पत्ता सांगत नाहीत. की-बोर्ड चॅनेल १ वर बोलत असतो, सिंथ चॅनेल २ वर कान लावून बसलेला असतो. पट्टी दाबली की दिवा लुकलुकतो, म्हणजे निरोप पोचला, पण खोलीत शांतता. सगळं तपासून दमल्यावर कुणीतरी एक आकडा बदलतो आणि इतका वेळ मुका वाटणारा सिंथ पहिल्या दाबासरशी गाऊ लागतो.

दुसरा घोटाळा ह्याच्या नेमका उलट. सूर सुरू होतो आणि थांबतच नाही. बोट उचललं, हात मांडीवर घेतला, तरी व्हायोलिनांचा ताफा एकाच स्वरावर वाजत राहतो. पेटीवर असं घडणं अवघड. पट्टीवरून बोट निघालं की स्प्रिंग पट्टी वर ढकलते, झडप बसते, हवा थांबते, सूर थांबतो. बोट आणि सूर एकाच लाकडाने जोडलेले. मिडीत सुरू होणं हा एक निरोप आणि थांबणं हा दुसरा, स्वतंत्र निरोप. केबल सैल असेल किंवा मधेच चॅनेल बदललं असेल आणि हा दुसरा निरोप वाटेत हरवला, तर पलीकडच्या वाद्याला कळायला मार्गच नसतो. ते शेवटचा हुकूम पाळत राहतं. त्यासाठी ‘पॅनिक’ नावाचं बटण असतं. ते सगळ्या चॅनेलांवर ‘सगळे सूर थांबवा’ असा निरोप धाडतं. ते दाबताना मला त्या वाद्याच्या निष्ठेचं वाईट वाटतं. त्याने काही चुकीचं केलेलं नसतं.

पुष्कळदा प्रत्येक सूर दुहेरी ऐकू येतो, जरा पोकळ, जरा घासल्यासारखा. की-बोर्ड दाबताक्षणी स्वतःचा आवाज काढतो, शिवाय लॅपटॉपला निरोप देतो, आणि लॅपटॉप तोच निरोप परत की-बोर्डकडे धाडतो. एका दाबाला दोन आवाज. की-बोर्डमधला ‘लोकल कंट्रोल’ बंद केला की त्याच्या पट्ट्या आणि त्याचा गळा वेगळे होतात आणि आवाज एकच राहतो. सस्टेनच्या पेडलचंही तसंच. काही पेडल दाबल्यावर सर्किट जोडतात, काही दाबल्यावर तोडतात. बरेच की-बोर्ड सुरू होताना पेडल ज्या स्थितीत असेल तिलाच ‘वर’ समजतात. त्या क्षणी पाय सवयीने पेडलवर टेकलेला असला की नंतर सगळं उलटं. पाय उचलला की सूर लांबतात, दाबला की तुटतात. बंद करायचं, पाय मागे घ्यायचा, पुन्हा सुरू करायचं. एवढंच.

रत्नागिरीतला माझा एक मित्र भजनी मंडळात की-बोर्ड वाजवतो. पावसाळा सरताना त्याचा फोन आला. “अरे, हा एक मध्यम तेवढा ओरडतोय बघ. हलकं बोट ठेवलं तरी किंचाळतो.” मी गेलो तेव्हा आम्ही त्याचा की-बोर्ड जुन्या चादरीवर पालथा घातला. खालचे स्क्रू काढून ओळीने कागदावर ठेवले, कारण त्यांची लांबी एकसारखी नसते. आत पट्ट्यांच्या खाली राखाडी रबराची एक लांब फीत होती, तिच्यावर प्रत्येक पट्टीसाठी फुगवटे. फुगवट्याच्या पोटात काळ्या कार्बनच्या दोन टिकल्या, एक जरा पुढे, एक जरा मागे. पट्टी दाबली की पहिली टिकली खालच्या सर्किटला आधी टेकते, दुसरी नंतर. आपण किती जोराने वाजवलं हे यंत्र असं ओळखतं. त्याला जोर समजत नाही. दोन टेकण्यांच्या मधला वेळ समजतो. मधला वेळ कमी, तर सूर मोठा; जास्त, तर हळुवार.

त्या मध्यमाखाली कोकणातल्या दमट हवेने पांढुरका बुरशीचा थर धरला होता आणि त्यात एक केस अडकला होता. एका टिकलीचं टेकणं नीट पोचत नव्हतं, मधला वेळ मोजलाच जात नव्हता, म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण जोराचा आकडा जात होता, १२७. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा भिजवून मी टिकल्या आणि खालचे काळे पट्टे पुसले, दाब न देता, कारण कार्बनचा थर पातळ असतो. सगळं पूर्ण सुकू दिलं. रबराच्या फितीचे बारीक खुंट त्यांच्या भोकांत दातकोरणीने एकेक करून परत बसवले. सगळं जोडल्यावर मित्राने आधी मध्यम वाजवला नाही. त्याने षड्जापासून हलक्या हाताने चढत जायला सुरुवात केली आणि मध्यमावरून तितक्याच हलक्या हाताने पुढे गेला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला जाणवलं की इतके दिवस तो बोटाने त्या स्वराला वळसा घालत होता. वाद्यातला बिघाड वाजवणाऱ्याच्या हातात किती लवकर मुरतो!

वेळेची अशीच आणखी एक गोष्ट हेडफोनमध्ये घडते. एक वयस्कर बुवा अभंग रेकॉर्ड करायला आले होते. पहिल्याच ओळीला त्यांनी हेडफोन काढून हातात घेतला. म्हणाले, “मी गातोय खरा, पण माझ्या मागून कुणीतरी माझंच गातंय.” त्यांचा आवाज माईकमधून लॅपटॉपमध्ये जाऊन परत त्यांच्या कानात येत होता. लॅपटॉप आवाज थेंबाथेंबाने नाही, घोटाघोटाने घेतो. सेकंदाचे ४४,१०० तुकडे करायचे आणि ५१२ तुकडे जमले की एक घोट, हा बफर. एक घोट भरायला सुमारे साडेअकरा मिलिसेकंद. आत जाताना एक, बाहेर येताना एक, म्हणजे तेवीस. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात फुटाहून थोडासाच जास्त जातो. म्हणजे बुवांचा स्वतःचा आवाज त्यांना जवळपास आठ मीटरवरून ऐकू येत होता. बैठकीत तबला इतका लांब कुणी बसवेल का? “बुवा, आता बघा,” म्हणून मी त्यांचा आवाज लॅपटॉपच्या वाटेने न आणता, माईक आणि लॅपटॉप यांना जोडणाऱ्या इंटरफेसमधून थेट त्यांच्या कानात दिला. त्यांनी डोळे मिटून षड्ज लावला आणि मान हलवली. बफर लहान करूनही हे साधतं, पण फार लहान केला तर लॅपटॉपला घोट वेळेत पुरा करता येत नाही आणि गाण्यात चरचर, फटफट असे आवाज येतात. मधे किती अंतर ठेवायचं हे दोघांचा दम बघून ठरवावं लागतं.

कधी सगळं गाणंच सरकतं. सीडीच्या जगात सेकंदाचे ४४,१०० तुकडे करतात, व्हिडिओच्या जगात ४८,०००. एकीकडे ४४,१०० ने भरलेलं गाणं दुसरीकडे कुणी ४८,००० समजून वाजवलं, तर ते साधारण दीड अर्धस्वराने चढतं आणि लवकर संपतं. पाच मिनिटांचं गाणं चोवीसेक सेकंद आधी. काळी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध जाऊन बसतं, पेटीवर जिला पट्टीच नाही अशा जागी. गायिकेला ते पहिल्या आलापात कळतं. तिला आकडे ठाऊक नसतात. तिला इतकंच कळतं की हा आपला गळा नव्हे. फाइल बरोबर असते, इंटरफेसही बरोबर असतो. दोघांनी सेकंदाचे तुकडे वेगवेगळे मोजलेले असतात.

जोडणीचा हा पेच आपल्या संगीताला नवा नाही. स्त्रीचा गळा आणि पुरुषाचा गळा एका मंचावर आले की पट्टी कुणाची धरायची? एकाने वर जायचं किंवा दुसरीने खाली उतरायचं, आणि त्यात एकाचा तरी गळा अवघडायचा. पंडित जसराजांच्या कल्पनेतून साकारलेल्या जसरंगी जुगलबंदीत कुणीच आपली जागा सोडत नाही. पुरुषाचा मध्यम तोच स्त्रीचा षड्ज होतो, तिचा पंचम तोच त्याचा षड्ज. दोघं आपापल्या पट्टीत, आपापला राग गातात आणि स्वर एकमेकांत मिसळतात. गळे तेच. त्यांच्या मधलं नातं तेवढं नव्याने मांडलेलं.

मिडीवर एक आक्षेप घेतला जातो, तोच एकेकाळी पेटीवर घेतला जात होता. बारा ठाम पायऱ्या, मधे वाटच नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती जवळपास तीन दशकं टिकली. मिडीत मींड घ्यायला एक चाक असतं, पिच बेंडचं, आणि त्याच्या हालचालीला १६,३८४ पायऱ्या आहेत. कानाला त्या पायऱ्या न वाटता उतार वाटावा इतक्या बारीक. तरीही मींड फसते. चाक फक्त सांगतं, की मी पूर्ण वर गेलो. म्हणजे किती स्वर वर, हे समोरचा सिंथ ठरवतो. बहुतेक सिंथ दोन अर्धस्वर धरतात, एखादा सबंध सप्तक धरून बसलेला असतो. रिषभावर हळूच टेकायला निघालेली मींड थेट तार षड्जावर जाऊन आदळते. हाताने सांगितलं ते खरं, सिंथने ऐकलं तेही खरं.

जुन्या मिडीत बोलणं एकाच दिशेने जातं. पाठवणाऱ्याला आपला निरोप पोचला की नाही, ऐकणाऱ्याने त्याचा काय अर्थ लावला, हे कळायची सोय त्या एका तारेत नाही. २०२० साली मिडी २.० आलं. त्यात दोन यंत्रं आधी एकमेकांना विचारू शकतात, तू कोण, तुला काय काय कळतं, आपण कोणत्या भाषेत बोलूया. घरोघरच्या टेबलांवर ते अजून पसरायचं आहे. पण वाजवण्याआधी विचारणं ही कल्पना मला कोणत्याही नव्या आवाजापेक्षा मोलाची वाटते. नवीन स्टुडिओ मांडणारी मुलं-मुली मला विचारतात, “दादा, कोणता की-बोर्ड घेऊ?” माझ्या मनात येतं ते हे की तो कुणाला जोडणार आहेस, ते आधी सांग.

सध्या माझ्याकडे एक न सुटलेला आवाज आहे. संध्याकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये अधूनमधून एक ‘टक्’ येतो. कधी रिकाम्या जागी, कधी चांगल्या रंगलेल्या आलापाच्या मधोमध. केबल बदलल्या, बफर वाढवला, लॅपटॉप बॅटरीवर घेतला. आलेख मोठा करून पाहिलं की तिथे एकच उभी रेघ दिसते, वर जाऊन लगेच परत आलेली. मोटार किंवा जुना स्विच बंद होताना जी ठिणगी पडते, तिची खूण बहुधा अशीच उमटते. इमारतीच्या पाण्याच्या पंपावर संशय होता, पण पंप बंद असतानाही टक् आला. म्हणजे जोड माझ्या टेबलावर संपत नाही. तो भिंतीतल्या तारांतून जिन्यातल्या मीटरबोर्डापर्यंत जातो, तिथून खालच्या-वरच्या घरांत, कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत. कुणाचा तरी मिक्सर, कुणाचा तरी गिझर, कुणाच्या तरी घरचा दिवा माझ्या आलापाशी आधीपासूनच जोडलेला आहे, आणि आम्हा कुणालाच ते ठाऊक नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना एकदा विचारायचं आहे, सातच्या सुमाराला त्या कोणतं बटण दाबतात ते.